पोटातली मंडळी

सरांनी मला नोकरीवर ठेवताना एकच प्रश्न विचारला. सर्टिफिकेटांची फाइल मांडीवर घेऊन मी बसले होते, ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "शेवटचं अँटिबायोटिक कधी खाल्लं होतंस?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. माझे मिस्टर फौजेत. त्यांची बदली झाशीजवळच्या बबीना छावणीत झाली म्हणून आम्ही साताऱ्याहून आलो, झाशीत प्रेम नगरला दोन खोल्या घेतल्या आणि मी काम शोधत फिरत होते. सीपरी बाजारात साड्यांच्या दुकानावर एक पॅथॉलॉजी लॅब आहे आणि तिचे मालक मराठी आहेत, एवढं कळल्यावर जिना चढून वर गेले होते.

"शाळेत टायफॉइड झाला होता, तेव्हा. पंधरा वर्षं झाली," मी म्हटलं. "नंतर नाही."

"नंतर काहीच नाही? सर्दी, खोकला, गळा?"

"आई काढा द्यायची. आपोआप जायचं."

सर खुर्चीतून उठले, दार उघडलं आणि बाहेर रक्त द्यायला बसलेल्या आठ-दहा लोकांना उद्देशून मोठ्यांदा म्हणाले, "देखिए, ये लड़की पंद्रह साल से साफ़ है! ऐसा पेट पूरी झाँसी में नहीं मिलेगा!" लोक माझ्या पोटाकडे बघायला लागले. मी पदर ओढून घेतला.

"उद्यापासून ये," सर आत येत म्हणाले. "तुझ्या पोटातली मंडळी अजून मूळची साताऱ्याची आहेत, बेटा. संभाळून ठेव. मला कधी गरज पडली तर तुझ्याकडेच मागीन."

त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "ए सातारा, स्लाइड लाव." "सातारा, जेवलीस का?" मंडळी म्हणजे आतड्यातले जिवाणू. सरांच्या बोलण्यात ते कायम घरच्या माणसांसारखे असत. एखाद्याचं पोट बिघडलं की म्हणत, मंडळी नाराज आहेत. कुणी गोळ्या खाऊन आला की म्हणत, मंडळींना घराबाहेर काढलंस, आता घर कोण चालवणार?

उंच, वाळकी अंगकाठी, खिशाला दोन पेनं, पायात हवाई चप्पल. साठी कधीच ओलांडलेली. त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या काळात कारकुनीला म्हणून इकडे आले आणि परत गेले नाहीत. खंडेराव गेटजवळ एका दुमजली घरात ते आणि त्यांची मोठी बहीण, दोघंच राहत. सरांनी लग्न केलं नव्हतं, बहिणीचे यजमान लवकर गेले होते. तिला सगळा मोहल्ला जिज्जी म्हणे. दोघं भाऊ-बहीण घरात मराठी बोलत, पण ते मराठी हिंदीच्या पाण्यात भिजून मऊ झालेलं. "फिकर करू नको", "मतलब असा की", "बात खरी आहे". पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. दोन वर्षांनी साताऱ्याला गेले तर आईच मला म्हणाली, तू काय बोलतेस गं हे?

लॅबच्या दारावरच्या फळ्यावर सरांनी खडूनं हिंदीत लिहून ठेवलं होतं: सर्दी-ज़ुकाम में एंटीबायोटिक न खाएँ, डॉक्टर नाराज़ हों तो हमसे बात कराएँ. डॉक्टर अर्थातच नाराज झाले. पेशंट पाठवायचे बंद झाले. सरांनी फळा पुसला नाही, उलट अक्षर गिरवून जाड केलं. शौचाचा नमुना सात पिशव्यांत गुंडाळून, मान वळवून, टेबलावर ठेवणाऱ्या नातेवाइकांना ते विचारत, "चोरी का माल है क्या?" आणि मग स्वतः ती डबी दोन्ही हातांनी उचलून घेत. मला पहिल्या आठवड्यात त्यांनी एवढंच शिकवलं. "यात माणसाची सगळी हकीकत आहे. नाक मुरडलंस तर वाचता येणार नाही." मला किळस वाटायची, नाही कशाला म्हणू? पण महिन्याभरात ती गेली. गेल्याचं कळलंसुद्धा नाही.

दुपारी ते स्टीलच्या पेल्यातून मठ्ठा पीत. कुणी कौतुकानं विचारलं, की पोटासाठी का, तर चिडत. "आवडतो म्हणून पितो. मठ्ठा पिऊन कोणी अमर झालं नाही."

मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांना एका वर्षी चार शब्द बोलायला सांगितलं. महाप्रसादाच्या पंगती मांडून झाल्या होत्या, पानांत वरण-भात पडला होता. सरांना वाटलं, लोक एका जागी बसलेत, हीच वेळ. त्यांनी माइक धरला आणि सुरुवात केली, "आता जे आपण खाणार, त्याचं उद्या सकाळी काय होणार, ते ऐका." निरोगी माणसाची विष्ठा आजारी माणसाच्या आतड्यात सोडून आजार बरा करता येतो, इथवर ते आले तेव्हा अध्यक्षांनी माइकची वायर काढली. निम्मी पंगत हसत होती, निम्मी उठली होती. मीही हसले. सर खाली उतरले, पानावर बसले आणि शांतपणे जेवले.

पण त्या दिवशी चपलांपाशी एक माणूस त्यांची वाट बघत उभा होता. हलक्या आवाजात म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणालात ते खरं आहे? माझ्या आईला चार महिने जुलाब आहेत."

त्याची आई म्हणजे गाणं शिकवणाऱ्या एक बाई. दाताचं ऑपरेशन झालं, जोरदार गोळ्यांचा कोर्स झाला आणि मागोमाग जुलाब सुरू झाले. औषधानं थांबत, औषध बंद केलं की पंधरा दिवसांत परत. तीनदा असं झालं होतं. बाईंचा हात मनगटाशी बांगडीतून निसटत होता. आम्ही तपासणी केली. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू आणि त्याचं विष, दोन्ही सापडलं.

सरांनी मुलाला समोर बसवलं. "शेत उघडं पाडलं की पहिलं काय उगवतं? गाजर गवत. गोळ्यांनी आईच्या पोटातलं सगळं पीक गेलं, हे गवत माजलं. औषध मारलं की गवत मरतं, पण बी मातीत राहतं. पीक पेरल्याशिवाय ते हटणार नाही."

"पीक म्हणजे?"

"निरोगी माणसाची मंडळी. दिल्लीत माझा एक ज्युनिअर आहे, तो करतो. दुर्बिणीतून आत सोडायचं. देणाऱ्याचं रक्त, शौच, सगळं तपासतात. आणि त्यानं तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेलं नको."

मुलाच्या तपासणीत कृमी निघाले, तो बाद झाला. सगळ्या तपासण्यांत पास झाली ती सून. बाई सोवळ्याच्या. सुनेनं भरलेलं पाणी देवाला चालत नसे. त्या अंथरुणातून पुटपुटल्या, "तिचं?" सर त्यांच्या उशाशी बसून म्हणाले, "बाई, सून बारा वर्षं तुमच्या घरात आहे. आता पोटात येऊ द्या." सून दाराआड तोंडाला पदर लावून हसत होती. बाई आधी रडल्या, मग त्यांनाही हसू आलं.

दिल्लीहून परतल्यावर चौथ्या दिवशी मुलाचा फोन आला. तो आधी नुसता हसत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "सर, घट्ट!" सरांनी खालच्या हलवायाकडून पेढे मागवले आणि कशाचे ते प्रत्येकाला सविस्तर सांगून वाटले. दोघांनी पेढा परत ठेवला.

अशी सात वर्षं गेली. मिस्टर निवृत्त झाले, आम्ही झाशीतच राहिलो. साताऱ्याला परत का जात नाही, असं लोक विचारत. मी मुलांच्या शाळेचं कारण सांगे. खरं कारण लॅब होती.

मग एका पावसाळ्यात सीपरीच्या चढावर ऑटो चुकवताना सरांची स्कूटर घसरली. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, जखम पिकली. अँटिबायोटिक द्यावंच लागणार होतं. मला वाटलं, सर भांडतील. ते म्हणाले, "मी बेवकूफ नाही. जिथं पाहिजे तिथं पाहिजेच."

घरी आल्यावर दहाव्या दिवशी जिज्जी एक डबी घेऊन लॅबमध्ये आल्या. डबीवर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, पेशंट: मी. शंका: तीच. वासावरूनच त्यांनी ओळखलं होतं. मी तपासलं. तेच निघालं.

औषध सुरू झालं, थांबलं, जुलाब परतले. पुन्हा औषध, पुन्हा तेच. दोन महिन्यांत सर अर्धे झाले. वॉकर धरून पाच पावलं जायचं आणि पाचव्या पावलाला धीर सुटायचा. एकदा मी गेले तेव्हा जिज्जी चादर धूत होत्या आणि सर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी आल्याचं कळूनही वळले नाहीत.

त्याच सुमारास साताऱ्याला नणंदेचं लग्न होतं, घाईनं चातुर्मासातच ठरलेलं. मंगलाष्टकं मी म्हणायची होती आणि जायच्या आदल्या दिवशी माझा गळा बसला. साधा सर्दीचा गळा. ताप नाही, काही नाही. सात वर्षं मी लोकांना सांगत आले होते की याला अँटिबायोटिक लागत नाही. आणि मी प्रेम नगरच्या नाक्यावरच्या मेडिकलमधून तीन गोळ्या घेतल्या. चिठ्ठीसुद्धा नव्हती. दुकानदारानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गळा चौथ्या दिवशी उघडला, तसा तो गोळ्यांशिवायही उघडला असता. मंगलाष्टकं छान झाली.

परत आल्यावर दोन आठवड्यांनी सरांनी बोलावलं. उशीला टेकून बसले होते. डोळ्यांत जुनी चमक होती.

"सातारा, वेळ आली. दिल्लीवाल्याशी बोललो. पुढच्या सोमवारची तारीख दिली आहे. तुझ्या तपासण्या उद्यापासून करून घेऊ. म्हटलं होतं ना, तुझ्याकडेच मागीन?"

जिज्जी माझ्याकडे बघत होत्या. त्यांची स्वतःची औषधं चालू होती, लॅबमधला कंपाउंडर दिवसभर गुटखा खाणारा, सरांचे भाचे लांब पुण्याला. सरांनी दुसऱ्या कुणाचा विचारच केला नव्हता.

तेव्हाच सांगायचं होतं. एक वाक्य. सर, मी तीन आठवड्यांपूर्वी गोळ्या घेतल्या, माझं चालणार नाही. पण ते ज्या चेहऱ्यानं बघत होते, त्या चेहऱ्यापुढे मला ते बोलता आलं नाही. साऱ्या झाशीला ज्या एका पोटाचा दाखला त्यांनी दिला, ते मी एका लग्नातल्या पाच मिनिटांसाठी बिघडवून आले होते. तेही ते असे पडलेले असताना.

"घरी विचारते, सर," मी म्हणाले.

"विचार ना. जल्दी काय आहे," ते म्हणाले. पण जल्दी होतीच.

मी घरी काही विचारलं नाही. मंगळवारी मुलाच्या परीक्षेचं निमित्त सांगितलं. बुधवारी फोन घेतला नाही. गुरुवारी जिज्जींचे दोन मिस्ड कॉल होते. मी स्वतःला सांगत होते, की ते दुसरं कुणी शोधतील आणि प्रश्न मिटेल. पण ते शोधत नव्हते, माझी वाट बघत होते. सोमवार गेला. औषधाचा कोर्स संपला होता, चौथ्या दिवशी जुलाब पुन्हा उसळले. अंगातलं पाणी इतकं गेलं की त्यांना दवाखान्यात सलाइनवर ठेवावं लागलं.

मी गेले. सरांचे ओठ फुटले होते. बोलायला त्रास होत होता, तरी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बेटा, किळस वाटते ना?"

मी सलाइनच्या नळीकडे बघितलं.

"वाटू दे. स्वाभाविक आहे. तपासणं वेगळं आणि स्वतःचं दुसऱ्याच्या पोटात देणं वेगळं. मीच समजायला पाहिजे होतं. मी नाराज नाही."

मी मान खाली घातली. त्यांनी तो होकार समजला आणि मी समजू दिला. त्या क्षणी मला हलकं वाटलं, हे मी लपवणार नाही. किळस ही माझी चूक नव्हती ना! तिची माफी आयती मिळत होती.

गाण्याच्या बाईंच्या सुनेला ही गोष्ट कुठून तरी कळली आणि ती दुसऱ्या दिवशी थेट दवाखान्यात आली. जिज्जींना म्हणाली, "मला आधी का नाही सांगितलं? माझं तर तपासलेलं आहे." सगळं पुन्हा तपासावं लागलं, तरी ती पास झाली. दहा-बारा दिवसांनी सरांना दिल्लीला नेलं. आठवड्यात जुलाब थांबले, पुन्हा परतले नाहीत. दिवाळीनंतर सर काठी टेकत लॅबचा जिना चढले. खालच्या साडीवाल्यानं त्यांना हार घातला.

म्हणजे तसं पाहिलं तर माझ्यामुळं काही बिघडलं नाही. दोन-तीन आठवड्यांचे हाल वाढले, इतकंच. मी असं मिस्टरांना म्हणालेही. ते फौजी माणूस, एवढंच म्हणाले, "मग रडतेस कशाला?"

सर लॅबमध्ये परतले त्या पहिल्याच दिवशी सकाळी नमुन्यांचा ट्रे आला. मी हातमोजे चढवले. सर काठी टेकत माझ्या टेबलापाशी आले, ट्रेमधल्या शौचाच्या डब्या एकेक करून उचलल्या आणि आपल्या टेबलावर नेऊन ठेवल्या. "तू रक्ताचं बघ," ते मृदूपणे म्हणाले. "हे मी बघतो."

"सर, मी करते ना. नेहमी मीच करते."

"नको बेटा. इतकी वर्षं मी तुझ्यावर जबरदस्ती केली. मला कळायला हवं होतं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. ते खरंच मला जपत होते. मोडलेला पाय स्टुलावर ठेवून, सत्तरीला आलेला माणूस माझ्या वाट्याची स्लाइड लावायचा आणि मी समोर बसून रक्ताच्या नळ्या फिरवायची. एकदा त्यांच्या हातातून डबी निसटून फरशीवर पडली. मी फडकं घेऊन धावले तर त्यांनी मला हातानं थांबवलं आणि काठी भिंतीला लावून, भिंत धरत धरत, स्वतः खाली बसले. त्यांना उठवताना मी म्हणाले, "सर, मला एक सांगायचं आहे." ते म्हणाले, "बोल." इतक्यात बाहेरून कुणीतरी रिपोर्ट मागितला. तो देऊन मी परत आले तेव्हा ते हात धूत होते. मी म्हटलं, "काही नाही, उद्याची सुट्टी हवी होती." त्यांनी दिली. सुट्टी घेऊन मी दिवसभर घरी बसून राहिले.

सातारा म्हणणंही त्यांनी सोडलं. मुद्दाम नसेल. नुसतं बेटा म्हणायचे, आणि बेटा तर ते खालच्या साडीवाल्याच्या पोरीलाही म्हणायचे.

वर्षभर असं चाललं. मग एका सकाळी आंघोळ करून सर खुर्चीत पेपर वाचायला बसले आणि तसेच गेले. हृदय थांबलं. जिज्जी चहा घेऊन आल्या तेव्हा पेपर मांडीवर नीट घडी करून ठेवलेला होता.

तेराव्यानंतर मी जिज्जींकडे गेले. पाहुणे परतले होते. त्या सरांचे कपडे वाटायला काढत होत्या. मी घड्या घालू लागले. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "नर्सिंग कॉलेजवाले दोनदा आले होते गं, व्याख्यानाला बोलवायला. बीमारीतून उठला त्यानंतर. पहिलं कोणी बोलावत नव्हतं, आता बोलवत होते, तर हा जाईना."

"का?"

"मी पण विचारलं. तर म्हणाला, सात वर्षं माझ्याजवळ राहिलेल्या मुलीची किळस मी घालवू शकलो नाही, दुसऱ्याला काय शिकवू?" जिज्जींनी एक शर्ट झटकला. "तुला दोष नाही देत मी. त्यानंही नाही दिला."

माझ्या हातातली घडी सुटली. मी जिज्जींना सगळं सांगितलं. लग्न, गळा, मेडिकल, तीन गोळ्या. सोमवारची तारीख. दवाखान्यात खाली घातलेली मान. सांगताना मला वाटत होतं, या आता उठून मला जायला सांगतील.

जिज्जींनी हातातला शर्ट खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मतलब तुला किळस नव्हती?"

"नाही, जिज्जी. कधीच गेली होती."

"नुसत्या गोळ्या खाल्ल्या होत्यास?"

"हो."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. रागानं नाही, एखाद्या परीक्षेत सोप्या गणिताला शून्य मिळवून आलेल्या मुलीकडे पाहावं, तशा.

"पगली," त्या म्हणाल्या. "सांगितलं असतंस तर एक दिवस ओरडला असता." शर्ट उचलून त्यांनी माझी सुटलेली घडी पुन्हा घातली, वरून हात फिरवला, आणि मग, हिशेबात चूक नको म्हणून की काय, दुरुस्त केलं. "दोन दिवस. दोन दिवस ओरडला असता."